अंगणातले पाणी कुठून आले, ते आधी ओळखा

पावसाळा लागला की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वाचकांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. ‘ले-आऊटमध्ये सिमेंटची नाली झाली, तरी पाणी तुंबतेच, असे कसे?’ ‘प्लॉटवर दोन फूट भरण टाकले तर भागेल का?’ ‘हा प्लॉट पूररेषेत आहे की नाही, ते कोणाला विचारायचे?’ ‘नाल्यावर कोणी भिंत बांधली, तर तक्रार कुठे करायची?’

या प्रश्नांमागचा गोंधळ एकच आहे. पाणी साचले की सगळे नालीकडे बोट दाखवतात आणि नगरसेवकाकडे नालीच मागतात. पण अंगणात शिरणारे पाणी तीन वेगवेगळ्या वाटांनी येते आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यावरचा उपाय दुसऱ्यासाठी केला, तर पैसे जातात आणि पाणी तिथेच राहते. म्हणून अर्ज लिहिण्याआधी किंवा मिस्त्री बोलावण्याआधी आपले पाणी कोणते, ते ठरवा.

पाण्याचे तीन प्रकार

- जागेवरचे पाणी. हे तुमच्याच छतावर, अंगणात, गल्लीत पडलेले पाणी. पाऊस जोरात असताना चढते आणि थांबल्यावर तास-दोन तासांत उतरते. यावरचा बराचसा उपाय तुमच्या आणि कॉलनीच्या हातात आहे.
- नाल्याचे पाणी. हे वरच्या वस्त्यांतून, शेतांतून, जंगलातून वाहत आलेले असते. तुमच्याकडे पाऊस थांबला तरी काही वेळ चढत राहते आणि सोबत गाळ, पालापाचोळा, प्लास्टिक आणते. इथे नाल्याची रुंदी, पुलिया आणि अतिक्रमण हे प्रश्न येतात. ते काम पालिकेचे.
- नदीच्या दाबाचे पाणी. पाऊस नसतानाही हे हळूहळू चढते, नालीच्या तोंडातून उलटे येते आणि दोन-दोन दिवस हलत नाही. यावर कॉलनीतली नाली कितीही मोठी केली तरी उपयोग नाही.

तिसरा प्रकार आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. वर्धा नदी भरून वाहू लागली की इरई नदीचे पाणी तिच्यात उतरत नाही. इरई थोपली की झरपट नदी आणि चंद्रपूर शहरातले नाले थोपतात. इरई धरणाचे दरवाजे उघडल्यावर रहमतनगर, सिस्टर कॉलनी, पठाणपुरा या बाजूला शिरते ते हे पाणी. गडचिरोलीत गोसीखुर्द धरणाचा विसर्ग वाढला की वैनगंगेचा दाब कठाणी नदीवर येतो. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या जवळजवळ असल्याने गावात पाऊस नसतानाही बाजारपेठेत पाणी येऊ शकते. याउलट १८ जुलै २०२३ रोजी चंद्रपुरात काही तासांत दोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, तेव्हा नदीपासून दूरच्या वस्त्यांतही घरांत पाणी गेले. ते पहिल्या दोन प्रकारांतले होते.

ओळखायचे कसे? एका साध्या वहीत चार गोष्टी टिपा: पाऊस कधी सुरू झाला आणि कधी थांबला, पाणी उंबऱ्याला कधी लागले, कोणत्या बाजूने आले, कधी उतरले. पाणी जास्तीत जास्त जिथवर चढले, तिथे भिंतीवर खडूने रेघ मारून तारीख घाला आणि फोटो काढा. एकाच पावसाळ्यातल्या अशा तीन-चार नोंदी पुढच्या प्रत्येक अर्जात तुमचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतील.

प्लॉट घेण्यापूर्वी काय तपासाल?

आपल्याकडचे अनेक नवे ले-आऊट धानाच्या बांध्यांवर पडले आहेत. बांधी म्हणजे पाणी धरून ठेवण्यासाठीच तयार केलेली जमीन. तिथे बोडी (लहान तलाव) असेल, तर वरच्या शिवाराचे पाणी तिच्यात येत असणार. मालकी बदलली म्हणून पाणी आपली वाट बदलत नाही. चंद्रपूरकडच्या काळ्या जमिनीत तर एकदा माती फुगली की पाणी खाली मुरायलाही फार वेळ लागतो. दलाल हे सांगणार नाही, म्हणून कागद तुम्हीच पाहा.

- गाव नकाशा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून नक्कल घ्या. नाला, तलाव, बोडी कुठे दाखवली आहे ते पाहा. ले-आऊटच्या नकाशात तोच नाला गायब असेल, तर व्यवहार थांबवा.
- मंजूर ले-आऊट नकाशा आणि अकृषक आदेश. छापील माहितीपत्रकावर विसंबू नका, मंजुरीचा शिक्का असलेली प्रत मागा. नाल्या, त्यांचा उतार आणि पाणी शेवटी कुठे सोडले आहे, ते त्यात दिसले पाहिजे.
- झोन दाखला आणि भाग नकाशा. महानगरपालिका किंवा नगर परिषदेच्या नगररचना विभागातून मिळतात.
- पूररेषा. प्लॉट नदीच्या बाजूला असेल, तर निळ्या आणि लाल पूररेषेच्या संदर्भात तो कुठे येतो, हे नगररचना किंवा जलसंपदा विभागाकडून लेखी घ्या.
- सातबारा. झुडपी जंगल, तलाव, नाला अशी नोंद शेजारच्या गटावर आहे का, तेही पाहा. ‘पाणी मागच्या झुडपी जंगलात सोडू’ असे विकासक सांगत असेल तर सावध व्हा. मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विदर्भातील झुडपी जंगलाला वनजमीन मानले आहे. तिथे नाली खोदायची तर वनविभागाची परवानगी लागते.

कागद पाहून झाले की एकदा जुलै-ऑगस्टमध्ये पावसाच्या दिवशी जागेवर जा. शेजारच्या जुन्या घरांच्या भिंतींवर ओलीची रेघ किती उंच आहे, ते पाहा. आवारभिंतीला तळाशी भोके पाडलेली असतील, तर तिथे पाणी येते आणि लोकांनी त्याला वाट दिली आहे, हे समजा. चौकशी प्लॉटधारकांपेक्षा आधीच्या शेतकऱ्याकडे करा. कोणत्या बांधीत पाणी शेवटपर्यंत राहायचे, हे तो जागेवर बोट ठेवून सांगेल.

निळी रेषा, लाल रेषा: निर्णयापुरते

निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘२०२२ ला पूर येऊन गेला, आता पंचवीस वर्षे निश्चिंत’ असा अर्थ त्यातून काढू नका. निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दर वर्षी चार टक्के असते. वीस वर्षांचे गृहकर्ज घेतलेत, तर त्या काळात असा पूर निदान एकदा तरी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, सुमारे ५६ टक्के होते. लाल रेषेबाबत हाच आकडा सुमारे १८ टक्के येतो.

डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत यासंबंधी ठळक नियम असे आहेत:

1. नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथे बाग, वाहनतळ, खुला भाजीबाजार असे वापर चालतात, नवीन घर चालत नाही.
2. निळी ते लाल रेषा हा नियंत्रित पट्टा. तिथे बांधकामाची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट उंच असावी लागते.
3. पूररेषा आखलेली नसली तरी नाल्यासारख्या छोट्या प्रवाहापासून ९ मीटर आणि नदीसारख्या मोठ्या प्रवाहापासून १५ मीटर अंतर सोडावे लागते. तुमच्या जागेला नेमका कोणता नियम लागू होतो, ते परवानाधारक अभियंत्याकडून लेखी घ्या.

निळ्या रेषेच्या आतला प्लॉट स्वस्त मिळतो, त्याचे कारण हेच. तो घेऊच नका. लाल रेषेच्या आतला घ्यायचा असेल, तर जोते उंच करण्याचा खर्च किमतीत धरून सौदा करा.

घर बांधताना

आधी एक हिशेब करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचे छत म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर एकट्या छतावरून नऊ हजार लिटरच्या वर पाणी खाली येते. गल्लीत अशी चाळीस घरे असतील आणि सगळ्यांनी पन्हळीचा पाइप रस्त्यावर सोडला असेल, तर नाली तुंबण्यासाठी वरून वेगळे पाणी यायची गरज नाही.

- जोते उंच करा, अख्खा प्लॉट भरू नका. प्लॉट भरला की तिथले पाणी शेजाऱ्याकडे जाते. मग शेजारी भरण टाकतो. शेवटी गल्लीतले सर्वांत जुने आणि बहुधा सर्वांत गरीब घर खड्ड्यात जाते.
- निदान एका बाजूची पट्टी कच्ची ठेवा. अंगणभर सिमेंट किंवा गट्टू लावू नका. लावायचेच असतील, तर गट्टूंच्या खाली आणि सांध्यांत सिमेंट न घालता वाळू भरा.
- छताचे पाणी आधी टाकीत घ्या. टाकी भरल्यावर शोषखड्ड्यात आणि त्यातून उरलेले नालीत, असा क्रम ठेवा. कोळसा आणि राखेची धूळ बसणाऱ्या भागात पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर सोडायची वेगळी तोटी ठेवा.
- शोषखड्ड्याकडून अवाजवी अपेक्षा नको. एक मीटर लांब-रुंद आणि दोन मीटर खोल खड्डा दगडांनी भरला, तर त्यात आठशे लिटरच्या आसपासच पाणी मावते. काळ्या मातीत तो लवकर रिकामाही होत नाही. मुरूम किंवा वाळूचा थर लागेपर्यंत खोदा आणि पायापासून निदान तीन मीटर दूर ठेवा.
- बोअरमध्ये पाणी गाळूनच सोडा. गाळणीशिवाय सोडलेले छताचे पाणी अख्ख्या गल्लीचे भूजल बिघडवू शकते.
- नदीच्या दाबाचे पाणी येत असेल, तर नालीला जोडलेल्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. पाणी शौचालयाच्या भांड्यातून उलटे येते ते याच पाइपमधून. मीटर, इन्व्हर्टर आणि प्लग जुन्या रेघेच्या वर घ्या.

वर उल्लेखलेल्या नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर नवीन बांधकाम करताना पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे. लहान प्लॉटवर सक्ती नसली, तरी वरचा हिशेब तिथेही तोच आहे.

कॉलनीसाठी नाली मागताना

‘आमच्या गल्लीत नाली बांधून द्या’ एवढेच लिहाल, तर सोयीची तेवढी नाली बांधून मिळेल आणि पाणी पुढच्या चौकात तुंबेल. अर्जात हे मुद्दे घाला:

1. पाणी शेवटी कुठे जाते? नालीचे शेवटचे टोक ज्या नाल्याला मिळते, त्याच्या तळापेक्षा ते उंच आहे का? हे तुम्हीही तपासू शकता. गवंड्याकडे पारदर्शक लेव्हल नळी असते. तिच्यात पाणी भरून एक टोक नालीच्या काठाशी आणि दुसरे पुढच्या खांबाशी धरले की दोन्हींकडची पाण्याची पातळी एकाच उंचीवर येते. तिथून तळापर्यंतचे अंतर दोन्हीकडे मोजा. शेवटाकडचे अंतर कमी भरले, तर उतार उलटा आहे. पाऊस नसतानाही नालीत पाणी उभे राहत असेल, तर ही मोजणी करायचीही गरज नाही.
2. किती पावसासाठी आराखडा केला? केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाची पावसाळी पाण्याच्या निचऱ्यासंबंधीची मार्गदर्शक पुस्तिका २०१९ मध्ये आली. नालीचा आकार किती वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी ठरवला, ते प्रकल्प अहवालात असायला हवे. ते मागा.
3. रस्त्याची उंची. दर डांबरीकरणाला रस्ता दोन-तीन इंच चढतो आणि घरे खाली जातात. जुना थर खरवडून नवा टाकण्याची अट निविदेतच घालायला सांगा.
4. पुलिया. नाला रुंद केला आणि पुलियाचे पाइप जुनेच ठेवले, तर पाणी पुलियाशीच अडते. सर्वांत अरुंद जागा आधी दुरुस्त करा.
5. नाल्याचा तळ. तो सिमेंटचा करू नका, काठ बांधून घ्या. तळ पक्का झाला की मुरणे थांबते आणि वेगाने धावणारे पाणी खालच्या वस्तीवर जाते.
6. झाकणे आणि जाळ्या. उचलता येतील अशीच मागा. झाकण सिमेंटने जाम केलेल्या नालीतला गाळ कोणी काढू शकत नाही.

आता पाणी वाहून नेण्याइतकेच महत्त्वाचे, म्हणजे ते वरच अडवणे. चंद्रपूरचा गोंडकालीन रामाळा तलाव, गडचिरोली जिल्ह्यातले माजी मालगुजारी (मामा) तलाव आणि शहरांच्या कडेला उरलेल्या बोड्या मुसळधार पावसाचे पाणी काही तास धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. हे काम कोणतीही नाली करत नाही. २०२१ मध्ये इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांनी रामाळ्यासाठी उपोषण केले, तेव्हा चर्चा प्रदूषणाची आणि सौंदर्यीकरणाची जास्त झाली. पण गाळाने उथळ झालेला तलाव कमी पाणी धरतो आणि उरलेले वस्तीत जाते, हा मुद्दाही तितकाच मोठा आहे. तुमच्या भागात तलाव किंवा बोडी असेल, तर नालीच्या अर्जात तिच्या खोलीकरणाची आणि सांडव्याची वाट मोकळी ठेवण्याची मागणी जोडा. ले-आऊटमधली मोकळी जागा रस्त्यापेक्षा फूटभर खाली ठेवून बाग केली, तर तीही पावसात हेच काम करेल.

वारंवार होणाऱ्या चुका

- उपसलेला गाळ नालीच्याच काठावर टाकून ठेवणे. पहिल्या पावसात तो परत आत जातो. त्याच दिवशी उचलण्याची अट घाला.
- शौचालयाच्या टाकीचा निचरा पावसाळी नालीत सोडणे. पूर आला की तेच पाणी घरात येते.
- दारासमोर नालीवर पक्का ओटा किंवा रॅम्प बांधणे.
- नदीच्या दाबाच्या पाण्यासाठी कॉलनीची नाली खोल करणे. त्याने नदीला आत यायला आणखी सोपी वाट मिळते.
- फोनवर तक्रार करून थांबणे. आवक क्रमांक नसलेली तक्रार झालीच नाही असे समजा.

तुमचे हक्क आणि अर्जाची जागा

- महानगरपालिका, नगर परिषद, नगर पंचायत. नाल्या बांधणे, राखणे आणि साफ करणे हे त्यांचे कायद्यानेच ठरलेले कर्तव्य आहे. चंद्रपूर महानगरपालिकेला १९४९ चा अधिनियम लागू आहे, गडचिरोलीसारख्या नगर परिषदांना १९६५ चा. अर्ज आयुक्त किंवा मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहा आणि पोच घ्या.
- माहितीचा अधिकार. दहा रुपये शुल्क भरून नाला सर्वेक्षण, नालेसफाईची देयके, मोजमाप पुस्तिका, पूररेषेचा नकाशा यांच्या प्रती मागा. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. न आल्यास प्रथम अपील करा.
- सार्वजनिक नाल्यावर अडथळा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ नुसार कार्यकारी दंडाधिकारी अडथळा हटवण्याचा आदेश देऊ शकतात. तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे फोटो आणि गाव नकाशासह अर्ज करा.
- शेतजमिनीवरच्या पाण्याची वाट अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करा, ही मुदत चुकवू नका.
- विकास आराखडा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी मुदत असते. नाला वळवलेला किंवा तलावाचे आरक्षण बदललेले दिसले, तर त्या मुदतीतच लेखी हरकत द्या आणि सुनावणीला हजर राहा. नंतर दुरुस्ती करून घेणे फार अवघड जाते.
- शहरालगतची गावे. गडचिरोलीच्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत लहान जलाशयांच्या नियोजनात पेसा कायद्याने पंचायतीला अधिकार दिला आहे. बोडी बुजवून ले-आऊट पडत असेल, तर विषय ग्रामसभेत घेऊन ठराव करा.

पाणी घरात शिरलेच, तर सफाई करण्याआधी फोटो काढा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. पंचनाम्यात पाण्याची उंची आणि वेळ लिहायला लावा. नुकसानीच्या मदतीसाठी तो लागतोच आणि पुढच्या वर्षी नालीच्या अर्जालाही तोच जोडता येतो.

वर्षभराचे वेळापत्रक

- जून ते सप्टेंबर: वहीत नोंदी, भिंतीवर रेघा, फोटो. धरणाच्या विसर्गाच्या सूचना देणाऱ्या प्रशासनाच्या गटात नाव नोंदवा.
- ऑक्टोबर: कॉलनीची बैठक. आपले पाणी तिन्हींपैकी कोणते, ते नोंदींवरून ठरवा.
- नोव्हेंबर-डिसेंबर: लेव्हल नळीने मोजणी, गाव नकाशाची नक्कल, गरज असल्यास माहिती अधिकाराचा अर्ज.
- जानेवारी: पालिकेला सह्यांचे निवेदन. पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक याच सुमारास आकार घेते. काम त्यात आले नाही, तर जुलैत निधी नसतो.
- एप्रिल-मे: नालेसफाई. गाळ उचलला जातो की नाही, ते उभे राहून पाहा.

जुलैत पाणी भरल्यावर पालिका पंप लावून देईल, तो घ्या. पण पंप परत गेला तरी वही बंद करू नका. जानेवारीतल्या निवेदनाला त्याच वहीची पाने जोडायची आहेत.